डॉक्टरांचे पत्र : वैद्यकशिक्षणाच्या दारावरील एका कागदाचा इतिहास

मे महिन्यात दोन देशांत वैद्यकशिक्षणाचे हंगाम जवळपास एकाच वेळी सुरू होतात. भारतात ‘नीट’ ही प्रवेशपरीक्षा साधारणपणे याच महिन्यात होते. २०२४ साली ती २३ लाखांहून अधिक विद्यार्थ्यांनी दिली. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र मिळून ७२० गुण, हा त्या दारावरचा निकष. उमेदवाराला कोण ओळखते, त्याच्याबद्दल कोण ग्वाही देईल, असे विचारणारा रकाना त्या अर्जात नाही. त्याच सुमारास अमेरिकेतील ऑस्टिओपॅथिक वैद्यक महाविद्यालयांची सामाईक अर्जप्रणाली पुढील वर्षाच्या प्रवेशासाठी खुली होते. तेथेही प्रवेशपरीक्षेचे आणि पदवीचे गुण लागतातच. परंतु त्यांच्या जोडीला अनेक महाविद्यालये आणखी एक कागद मागतात : प्रत्यक्ष व्यवसाय करणाऱ्या एखाद्या डॉक्टरांचे शिफारसपत्र. काही ठिकाणी ते डॉक्टर ऑस्टिओपॅथिक पदवीचेच असावेत अशी अट असते, तर काही ठिकाणी तशी निदान पसंती असते.

ही अट ऐकून भारतीय वाचकाच्या मनात प्रथम संशय येतो, आणि तो अगदीच निराधार नाही. ‘शिफारस’ आणि ‘वशिला’ हे दोन्ही शब्द मराठीत फारसीच्या वाटेने आले आणि व्यवहारात इतके जवळजवळ नांदले की एकाचा वास दुसऱ्याला लागला. गुणांवाचून पुढे गेलेल्या माणसाला ‘वशिल्याचे तट्टू’ म्हणणारी भाषा शिफारसपत्राकडे सहजासहजी आदराने पाहू शकत नाही. ज्याच्या हाती पुढे माणसांचे प्राण सोपवायचे, त्याची निवड चिठ्ठीच्या आधारे का व्हावी, हा प्रश्न म्हणूनच रास्त आहे.

त्याचे उत्तर शोधण्यासाठी मागे गेले की चित्र मात्र गुंतागुंतीचे होते. ज्यांच्यासाठी वैद्यकाचे दार पूर्ण बंद होते, अशा माणसांना आत नेण्याचे काम एकेकाळी याच कागदाने, किंवा त्यामागच्या ग्वाहीने, केले. त्या माणसांत दोन मराठी स्त्रियाही होत्या. पुढे नको असलेल्यांना बाहेर ठेवण्यासाठीही हाच कागद उपयोगी पडला. दोन्ही गोष्टी एकाच इतिहासाचा भाग आहेत, आणि त्या एकत्र पाहिल्याखेरीज आजच्या अटीचा अर्थ लागत नाही.

जिनिव्हातील मतदान

१८४७ साली एलिझाबेथ ब्लॅकवेल ही तरुणी अमेरिकेतील एकामागून एक वैद्यक महाविद्यालयांकडे अर्ज करत होती. सर्वत्र नकार मिळत होता, कारण त्या देशात तोवर एकाही स्त्रीने वैद्यकाची पदवी घेतलेली नव्हती. फिलाडेल्फियातील जोसेफ वॉरिंग्टन या प्रतिष्ठित क्वेकर डॉक्टरांनी तिची तयारी पाहिली होती. त्यांनी न्यूयॉर्क राज्यातील जिनिव्हा वैद्यक महाविद्यालयाला तिच्यासाठी पत्र लिहिले.

या पत्राने अध्यापकांची कोंडी झाली. स्त्रीला प्रवेश देण्याची त्यांची इच्छा नव्हती, पण वॉरिंग्टन यांच्यासारख्या डॉक्टरांना तोंडावर नकार देणेही अवघड होते. त्यांनी निर्णय विद्यार्थ्यांवर सोपवला. एकानेही विरोध केला तर प्रवेश मिळणार नाही, अशी अट घातली. विद्यार्थ्यांना हा सगळा थट्टेचा प्रकार वाटला आणि त्यांनी हसतखेळत एकमुखाने होकार दिला. ब्लॅकवेल प्रत्यक्ष वर्गात येऊन बसल्या तेव्हा थट्टा संपली. जानेवारी १८४९ मध्ये त्या पदवीधर झाल्या. अमेरिकेत वैद्यकाची पदवी मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत.

वॉरिंग्टन यांच्या पत्राने ब्लॅकवेल यांची बुद्धी वाढवली नव्हती. त्यांची विनंती न वाचता बाजूला टाकणे मात्र त्या पत्राने अशक्य केले. शिफारसपत्राची मूळ शक्ती एवढीच आहे. ते उमेदवाराच्या गुणांत भर घालत नाही. लिहिणाऱ्याची पत काही काळापुरती उमेदवाराला उसनी देते.

त्याच वर्षी, त्याच फिलाडेल्फियात अमेरिकन मेडिकल असोसिएशन ही संस्था स्थापन झाली. तिने स्वीकारलेल्या आचारसंहितेनुसार होमिओपॅथीसारख्या ‘अनियमित’ पंथांच्या वैद्यांशी सल्लामसलत करणे निषिद्ध ठरले. कोणाची ग्वाही ग्राह्य आणि कोणाची अग्राह्य, याची सीमारेषा येथून अधिकृत झाली. पुढे ऑस्टिओपॅथीचा जन्म झाला तो या रेषेच्या पलीकडे.

स्वतःची ग्वाही स्वतः

आनंदीबाई जोशी यांची कथा मराठी वाचकाला ठाऊक आहे. तरी प्रवेशअर्जाच्या अंगाने ती क्वचितच वाचली जाते. ३१ मार्च १८६५ रोजी जन्म, नवव्या वर्षी गोपाळराव जोशी यांच्याशी विवाह, चौदाव्या वर्षी मातृत्व आणि अवघ्या दहा दिवसांत बाळाचा मृत्यू. स्त्रियांना वेळेवर वैद्यकीय उपचार मिळत नाहीत, ही जाणीव त्यांच्यात या दुःखातून आली.

पत्नीच्या शिक्षणासाठी गोपाळरावांनी रॉयल वाइल्डर या अमेरिकन मिशनऱ्याशी पत्रव्यवहार केला. धर्मांतर केल्यास मदत होईल, असा त्याचा सूर होता, आणि तो पत्रव्यवहार वाइल्डर यांनी आपल्या मासिकात छापला. न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर यांनी दंतवैद्याकडे वाट पाहत असताना तो वाचला आणि १८८० साली त्यांनी या अनोळखी हिंदू मुलीला पत्र धाडले. पुढील तीन वर्षांत दोघींमध्ये मावशी-भाचीसारखे नाते जुळले. कलकत्त्यात थॉर्बर्न नावाच्या डॉक्टर दांपत्याने आनंदीबाईंना पेनसिल्व्हेनियाच्या स्त्री वैद्यक महाविद्यालयात अर्ज करण्याचा सल्ला दिला. १८५० साली स्थापन झालेले हे महाविद्यालय खास स्त्रियांसाठी होते.

२४ फेब्रुवारी १८८३ रोजी सेरामपूर महाविद्यालयाच्या सभागृहात आनंदीबाईंनी जाहीर भाषण केले. अमेरिकेला का जाता, येथे शिकण्याची सोय नाही काय, एकट्या का जाता, जातीने बहिष्कार घातला तर काय कराल, अशा लोकांच्या प्रश्नांना त्यांनी एकेक करून उत्तरे दिली. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, हेही त्यांनी सांगितले. एका दृष्टीने ती मायदेशासमोर दिलेली प्रवेशाची मुलाखतच होती. ७ एप्रिलला त्या कलकत्त्याहून निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला पोहोचल्या.

२८ जून १८८३ रोजी त्यांनी रोझेलहून महाविद्यालयाच्या आल्फ्रेड जोन्स यांना लिहिलेले अर्जाचे पत्र आज फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संग्रहात जपलेले आहे. प्रवेशाच्या सर्व अटी आपण पूर्ण करू शकू याची खात्री नाही, हे त्यांनी त्यात मोकळेपणाने मान्य केले. आपले प्रकरण अपवादात्मक आहे म्हणून सहानुभूतीने पाहावे, अशी विनंती केली. प्रकृती चांगली असल्याचे कळवले. मित्र आणि जात यांच्या एकत्रित विरोधाला न जुमानता ज्या निर्धाराने आपण येथवर आलो, तो निर्धारच हेतू तडीस नेण्यास पुरेसा ठरावा, असे लिहिले. पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या आपल्या देशभगिनींसाठी हे शिक्षण हवे आहे, हे कारण त्यांनी दिले.

शिफारसपत्राकडून ज्या गोष्टींची अपेक्षा असते, त्या सर्व या पत्रात आहेत : त्रुटींची प्रामाणिक कबुली, चिकाटीचा पुरावा, हेतूचे स्पष्टीकरण. फरक एवढाच की त्या दुसऱ्या कोणी लिहिलेल्या नाहीत. अठरा वर्षांच्या मुलीने आपला प्रवास हाच आपला साक्षीदार म्हणून उभा केला. हे पत्र वाचणारे कान तयार होते, ही त्यांची सुदैवाची बाजू. अधिष्ठाता रेचल बॉडली या रसायनशास्त्राच्या प्राध्यापिका होत्या, आणि स्त्रीने विज्ञान शिकण्याची किंमत काय असते हे त्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. आनंदीबाईंना प्रवेश मिळाला. ११ मार्च १८८६ रोजी त्या पदवीधर झाल्या. आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता.

कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रीविभागाच्या प्रमुखपदी त्यांची नेमणूक झाली होती. पण क्षयाने त्यांना गाठले आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बावीस वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच, पुण्यात त्यांचा अंत झाला.

साक्षीला उभ्या राहिलेल्या डॉक्टर

आनंदीबाई गेल्या त्याच आठवड्याच्या आसपास मुंबईत आणखी एका तरुण स्त्रीचे भवितव्य ठरत होते. लहानपणी लावलेले लग्न मान्य करून पतीच्या घरी नांदायला जाण्यास रखमाबाईंनी नकार दिला होता. दादाजी भिकाजी यांनी त्यांच्यावर दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिनी यांनी तो फेटाळला. पण अपिलानंतर मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी निकाल दिला की रखमाबाईंनी पतीकडे जावे, नाहीतर सहा महिने तुरुंगवास भोगावा. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. १८८८ साली दोन हजार रुपयांवर तडजोड झाली आणि त्या मोकळ्या झाल्या.

या काळात त्यांच्या पाठीशी उभ्या राहिलेल्यांत डॉ. एडिथ पीची या कामा रुग्णालयाच्या प्रमुख डॉक्टर होत्या. रखमाबाईंनी वैद्यक शिकावे यासाठी त्यांनी उत्तेजन दिले आणि खर्चासाठी निधी उभारण्यासही हातभार लावला. १८८९ साली रखमाबाई लंडनच्या स्त्री वैद्यक विद्यालयात दाखल झाल्या, १८९४ साली डॉक्टर झाल्या आणि पुढे सुरत व राजकोट येथे त्यांनी सुमारे ३५ वर्षे स्त्रियांची रुग्णसेवा केली.

पीची यांच्या ग्वाहीला वजन का होते, हे समजण्यासाठी त्यांचा स्वतःचा प्रवास पाहावा लागतो. १८६९ साली एडिनबरा विद्यापीठात वैद्यक शिकण्यासाठी नाव नोंदवणाऱ्या सात स्त्रियांच्या गटात त्या होत्या. १८७० साली रसायनशास्त्राच्या परीक्षेत प्रथमच बसलेल्या विद्यार्थ्यांत त्या पहिल्या आल्या. या क्रमांकावर मिळणारी होप शिष्यवृत्ती मात्र त्यांना नाकारून त्यांच्या खालच्या पुरुष विद्यार्थ्याला देण्यात आली. त्याच वर्षी नोव्हेंबरात या स्त्रियांना शरीररचनेच्या परीक्षेला जाण्यापासून रोखण्यासाठी जमावाने सर्जन्स हॉलसमोर दंगल केली. शेवटी पीची यांनी पदवी घेतली स्वित्झर्लंडमधील बर्न येथे आणि व्यवसायाचा परवाना मिळवला डब्लिनमध्ये, दोन्ही १८७७ साली. सर्वोच्च गुण असूनही दार उघडत नाही, हा अनुभव त्यांनी स्वतः घेतला होता. मुंबईला त्या आल्या त्याही दुसऱ्या एका डॉक्टरच्या शब्दावर. स्त्रियांच्या वैद्यकीय सेवेसाठी निधी उभारणारे मुंबईतील अमेरिकन व्यापारी जॉर्ज किटरेज यांना एलिझाबेथ गॅरेट अँडरसन यांनी त्यांचे नाव सुचवले होते. पुढे याच पीची मुंबईत दुसऱ्या स्त्रीसाठी उभ्या राहिल्या. विश्वास असा हातोहात पुढे जात होता.

या कथेला आणखी एक पदर आहे, आणि तो दुर्लक्षिणे योग्य होणार नाही. रखमाबाईंचे सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन हे स्वतः वैद्य आणि ग्रँट वैद्यक महाविद्यालयात वनस्पतिशास्त्राचे अध्यापक होते. १८८३ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन करणाऱ्या आठ जणांपैकी दोन भारतीय होते. त्यांतील एक सखाराम अर्जुन आणि दुसरे आत्माराम पांडुरंग. या संस्थेला सुरुवातीच्या काळात आपल्या दुकानात जागा देणारे आणि पुढे तिचे सचिव झालेले हर्बर्ट फिप्सन यांच्याशीच एडिथ पीची यांचा १८८९ साली विवाह झाला. म्हणजे रखमाबाईंच्या घराचा उंबरठा आणि मुंबईचे वैद्यकीय-वैज्ञानिक वर्तुळ यांत फारसे अंतर नव्हते. त्यांचे धैर्य यामुळे तसूभरही कमी होत नाही. पण त्याच शहरात तेवढ्याच धैर्याची, परंतु ज्यांच्या घरी एकही डॉक्टर येत-जात नव्हता अशी किती मुली असतील, हा प्रश्न येथे उभा राहतो. शिफारस मिळण्यासाठी गुण लागतात; त्याआधी शिफारस करू शकणाऱ्या माणसाच्या नजरेत यावे लागते.

कर्क्सव्हिलची शाळा

आता सीमारेषेच्या पलीकडे. अँड्र्यू टेलर स्टिल हे अमेरिकेच्या सीमाभागातील वैद्य होते. १८६४ साली मेंदूज्वरासारख्या साथीत त्यांची तीन मुले दगावली. तत्कालीन औषधांवरचा त्यांचा विश्वास उडाला. पारा, अफू, रक्तमोक्षण अशा उपचारांचा तो काळ होता, हे ध्यानात घेतले तर त्यांचा संताप अनाठायी वाटत नाही. हाडे, सांधे आणि स्नायू यांची रचना बिघडल्याने रोग होतात आणि हातांनी ती सुधारली की शरीर स्वतःच बरे होते, असा सिद्धांत त्यांनी १८७४ साली मांडला. १८९२ साली मिझुरी राज्यातील कर्क्सव्हिल येथे त्यांनी पहिली ऑस्टिओपॅथिक शाळा काढली. तिच्या पहिल्याच तुकडीत पाच स्त्रिया होत्या.

सर्व रोगांचे मूळ हाडांच्या रचनेत शोधणारा तो मूळ सिद्धांत विज्ञानाच्या कसोटीवर टिकला नाही. हस्तोपचारांचा काही प्रमाणात उपयोग कंबरदुखीसारख्या तक्रारींत दिसतो. कवटीची हाडे हलवून उपचार करण्याच्या दाव्यांना मात्र आधार सापडत नाही. अमेरिकेतील ऑस्टिओपॅथिक महाविद्यालयांनी काळानुसार आपला अभ्यासक्रम आधुनिक वैद्यकाशी जुळवून घेतला. तेथील ‘डीओ’ पदवीधर आज सर्व पन्नास राज्यांत ‘एमडी’ डॉक्टरांप्रमाणेच औषधे देतात आणि शस्त्रक्रिया करतात. अमेरिकेतील वैद्यक विद्यार्थ्यांपैकी सुमारे चौथा हिस्सा अशा महाविद्यालयांत शिकतो. अमेरिकेबाहेरचे ‘ऑस्टिओपॅथ’ बहुधा केवळ हस्तोपचार करतात. नाव एकच असले तरी दोघांचे शिक्षण आणि अधिकार पूर्ण वेगळे आहेत.

इथवर येण्याचा मार्ग बहिष्कारातून गेला. १९६० च्या दशकाच्या प्रारंभापर्यंत अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या दृष्टीने एमडी डॉक्टरांनी ऑस्टिओपॅथशी व्यावसायिक संबंध ठेवणे हाच नीतिभंग होता. अशा दिवसांत ऑस्टिओपॅथिक शाळेकडे निघालेल्या तरुणासाठी ग्वाही द्यायला साहजिकच ऑस्टिओपॅथच पुढे येणार. मग १९६२ साली कॅलिफोर्नियात उलटी गंमत घडली. तेथील दोन हजारांहून अधिक डीओ डॉक्टरांना ६५ डॉलर भरून एमडी पदवी घेण्याची मुभा मिळाली आणि लॉस एंजेलिसमधील त्यांचे महाविद्यालय एमडी संस्थेत रूपांतरित झाले. कालपर्यंत अस्पृश्य मानलेले डॉक्टर एका रात्रीत ग्राह्य ठरले; त्यांचे ज्ञान मात्र आदल्या दिवशी होते तेवढेच होते. आपला व्यवसाय असा विरघळून जाण्याची भीती उरलेल्या ऑस्टिओपॅथना वाटली असल्यास नवल नाही. १९६६ साली अमेरिकन सैन्याने डीओ डॉक्टरांना आपल्या सेवेत घेतले आणि हळूहळू ही दरी भरत गेली.

या पार्श्वभूमीवर आजची अट वाचली की तिचा एक अर्थ उमगतो. ज्या व्यवसायाला सात दशके आपले अस्तित्व सिद्ध करावे लागले, तो आत येणाऱ्याला विचारतो : तू आम्हाला ओळखून आला आहेस, की दुसरीकडे दार मिळाले नाही म्हणून? ऑस्टिओपॅथिक डॉक्टरांबरोबर काही दिवस घालवून त्यांचे पत्र आणणे, हे त्या प्रश्नाचे उत्तर मानले जाते. हेतू समजण्याजोगा आहे. मात्र ज्याला प्रतिष्ठितांच्या पत्रांनी कधीकाळी बाहेर ठेवले, त्यानेच आपल्या दारावर पत्राची अट लावावी, यातली विसंगतीही नोंदवून ठेवण्याजोगी आहे.

पत्र नेमके काय मोजते?

प्रयोगशाळेत कोणत्याही मोजमापाबाबत दोन प्रकारच्या त्रुटींचा विचार करावा लागतो. एक यादृच्छिक त्रुटी : ती कधी इकडे, कधी तिकडे जाते आणि पुष्कळ मोजमापांच्या सरासरीत बरीच विरते. दुसरी पद्धतशीर त्रुटी : तराजूच मुळात एका बाजूला झुकलेला असतो, आणि मग कितीही वेळा वजन केले तरी चूक तीच राहते. शिफारसपत्राचा धोका दुसऱ्या प्रकारचा आहे.

१९२० आणि १९३० च्या दशकांत अमेरिकेतील अनेक वैद्यक महाविद्यालयांनी ज्यू विद्यार्थ्यांची संख्या मर्यादित ठेवली. गुणांत ते कमी नव्हते. म्हणून छायाचित्र, धर्म, कुटुंबाची माहिती, मुलाखत आणि ‘चारित्र्या’बद्दलची मते यांना महत्त्व आले. ‘आमच्या वर्तुळात बसेल का’ हा प्रश्न सभ्य भाषेत विचारण्याची सोय पत्रात होती. त्याच काळात, १९२८ साली, फ्रेड मॉस यांनी वैद्यक विद्यार्थ्यांसाठी प्रमाणित क्षमताचाचणी तयार केली आणि आजच्या अमेरिकन प्रवेशपरीक्षेची परंपरा सुरू झाली.

१९७४ च्या एका कायद्याने अमेरिकन विद्यार्थ्यांना आपल्याविषयीच्या नोंदी पाहण्याचा हक्क दिला. तरीही शिफारसपत्र पाहण्याचा हक्क बहुतेक अर्जदार स्वतःहून सोडून देतात, कारण उमेदवार वाचणार आहे हे ठाऊक असलेल्या पत्रावर निवड समिती फारसा विश्वास ठेवत नाही. म्हणजे ज्या कागदावर आयुष्याची दिशा ठरते, तो कागद ज्याच्याविषयी आहे त्यालाच बंद असतो.

या बंद पाकिटांत काय असते, याचा अभ्यास फ्रान्सिस ट्रिक्स आणि कॅरोलिन सेन्का यांनी २००३ साली प्रसिद्ध केला. एका मोठ्या अमेरिकन वैद्यक महाविद्यालयात अध्यापकपदासाठी आलेली तीनशेहून अधिक पत्रे त्यांनी तपासली. स्त्रियांसाठीची पत्रे सरासरीने आखूड होती, आणि शंका उत्पन्न करणारी वाक्ये त्यांत अधिक आढळली. पुरुषांच्या बाबतीत संशोधनाचा उल्लेख ठळक होता, तर स्त्रियांच्या बाबतीत अध्यापनाचा. ही पत्रे निवड झालेल्या उमेदवारांची होती, आणि ती लिहिणाऱ्यांच्या मनात वाईट हेतू होता असेही नाही. तराजू झुकलेला होता, एवढेच.

चिठ्ठीविना रांग

भारताने वेगळी वाट धरली, तीही कटू अनुभवानंतर. महाराष्ट्रात १९८३-८४ च्या सुमारास विनाअनुदानित खासगी व्यावसायिक महाविद्यालये सुरू झाली आणि देणगीच्या नावाखाली जागा विकल्या जाऊ लागल्या. १९८७ साली राज्याला कॅपिटेशन शुल्क प्रतिबंधक कायदा करावा लागला. कर्नाटकातील तुमकूरच्या एका खासगी वैद्यक महाविद्यालयाच्या शुल्कावरून निघालेल्या मोहिनी जैन खटल्यात १९९२ साली सर्वोच्च न्यायालयाने कॅपिटेशन शुल्क अवैध ठरवले. पुढे अनेक वळणांनंतर २०१६ पासून देशभर ‘नीट’ची सक्ती झाली. उत्तरपत्रिकेला आडनाव नसते, तिला कोणाची ओळख लागत नाही. या देशात ही गोष्ट क्षुल्लक नाही.

परंतु परीक्षेलाही तिची स्वतःची पद्धतशीर त्रुटी असते. तामिळनाडू सरकारच्या न्यायमूर्ती ए. के. राजन समितीने २०२१ च्या अहवालात नोंदवले की ‘नीट’नंतर ग्रामीण आणि तामिळ माध्यमाच्या विद्यार्थ्यांचा वैद्यक प्रवेशातील वाटा घटला. शिकवणीचे शुल्क ज्याला परवडते, त्याच्याकडे हाही तराजू झुकतो. शिवाय रुग्णाच्या शेजारी उभे राहण्याची इच्छा आणि धीर उमेदवारात आहे का, हे बहुपर्यायी प्रश्नांतून समजत नाही. ते समजण्यासाठी कोणीतरी त्याला रुग्णाच्या शेजारी उभे असलेले पाहावे लागते. डॉक्टरांच्या पत्राचे उत्तम रूप म्हणजे अशा पाहण्याचा दाखला.

अंतराचा प्रश्न

आज म्हैसूरच्या हेब्बाळमध्ये, संगणक कंपन्यांच्या आवाराजवळ वाढणाऱ्या एखाद्या मराठी घरातील मुलीने अमेरिकेच्या ऑस्टिओपॅथिक महाविद्यालयाचे स्वप्न पाहिले, तर तिच्यापुढचा अडथळा अभ्यासक्रमाचा कमी आणि अंतराचा अधिक असेल. परदेशी नागरिकांना प्रवेश देणारी महाविद्यालये आधीच मोजकी, त्यांतही पहिली पदवी अगोदर हवी. ऑस्टिओपॅथीचा समावेश भारतातील आयुष पद्धतींत नाही, आणि डीओ पदवीचे अमेरिकन डॉक्टर येथे भेटणे जवळपास अशक्य. याउलट न्यू जर्सीत वाढलेल्या मराठी मुलाला ही अट फार जड जात नाही. १९६५ नंतर बदललेल्या अमेरिकन स्थलांतर कायद्यामुळे भारतीय डॉक्टर मोठ्या संख्येने तेथे गेले. नातेवाइकांची पत्रे महाविद्यालये सहसा स्वीकारत नाहीत. पण गणेशोत्सवात भेटणारे काका नातेवाईक नसतात. त्यांच्या दवाखान्यात एक उन्हाळा बसण्याची परवानगी मिळते आणि पत्र सहज तयार होते. दोन्ही मुलांची गुणवत्ता समान असली तरी एकाच्या हाती पाकीट असते आणि दुसरीच्या हाती नसते.

म्हणून पत्र हवे की परीक्षा हवी, एवढ्यावर हा वाद संपत नाही. इतिहास सांगतो तो भेद पत्र कोणत्या दिशेने प्रवास करते याचा आहे. आतल्या माणसाने आतल्याच माणसाच्या मुलासाठी लिहिलेले पत्र हा वशिला, मग त्याची भाषा कितीही सुसंस्कृत असो. आतल्या माणसाने उठून दाराबाहेर जावे, तेथे उभ्या असलेल्या अनोळखी मुलीला आपल्या शेजारी काही दिवस काम करू द्यावे आणि मग जे पाहिले तेच लिहावे, ही खरी शिफारस. वॉरिंग्टन आणि पीची यांनी हे केले. त्यांच्या ग्वाहीने दार उघडले, कारण ते दोघेही आत होते आणि बाहेरच्या माणसाला भेटण्याची त्यांची तयारी होती. असे पत्र मागणाऱ्या संस्थेचीही मग एक जबाबदारी ठरते : ज्या अर्जदाराच्या परिचयात एकही डॉक्टर नाही, त्याला तो गाठून देण्याची वाट तिनेच आखायला हवी. आणि येथे पांढरा कोट घालून बसलेल्या प्रत्येक मराठी डॉक्टरांपुढेही हा प्रश्न आहेच, की आपल्या बाह्यरुग्ण विभागाच्या कोपऱ्यात महिनाभर उभे राहण्याची परवानगी मागणाऱ्या, ओळखीपाळखीच्या नसलेल्या विद्यार्थ्याला आपण काय उत्तर देतो.

थिओडिशिया कार्पेंटर डॉक्टर नव्हत्या. एका अनोळखी मुलीचे नाव त्यांनी मासिकात वाचले, तिला पत्र लिहिले आणि पुढे आपल्या घरात ठेवून घेतले. आनंदीबाईंच्या मृत्यूनंतर गोपाळरावांनी त्यांची रक्षा अमेरिकेला पाठवली. कार्पेंटर यांनी ती न्यूयॉर्क राज्यातील पकीप्सी येथे आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवली. तेथे आनंदीबाईंच्या नावाची शिळा आजही उभी आहे.

#विज्ञानाचा_इतिहास #वैद्यकशिक्षण